नकोसा घास

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सत्त्याहत्तर वर्षांच्या एक आजी सुनेचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या. महिनाभरापूर्वीच त्या न्यूमोनियातून उठल्या होत्या. वजन त्रेपन्न किलोवरून सत्तेचाळीसवर आले होते. छाती स्वच्छ होती, रक्ताचे अहवाल बरे होते, ताप नव्हता. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुनेला सांगितले, की गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भाजून दळून आणा. त्या पिठात गूळ घालून दुधात शिजवा आणि दिवसातून दोनदा वाटीभर द्या. बाजारातील महागड्या डब्यांपेक्षा हे स्वस्त आणि गुणाने मुळीच कमी नाही, असे मी गेली पंचवीस वर्षे सांगत आलो आहे.

पंधरा दिवसांनी आजींचे वजन आणखी एक किलोने उतरले. सून रडवेली झाली होती. "डॉक्टर, तुम्ही सांगितले तसेच करते. पण चमचा तोंडाशी नेला की तोंड फिरवतात. एखादा घास घेतलाच तर पदराला पुसून टाकतात." मी आजींना थोडे रागावलो. वैद्य माणसे रागावतात तसा, म्हणजे प्रेमाने आणि घाईने. भूक वाढविण्याचे औषध लिहून दिले. आजी शांतपणे म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाही हो. घशाखाली उतरत नाही."

तिसऱ्या भेटीत सून जाता जाता सहज बोलून गेली, "यांना ते सुकडीसारखे लागते म्हणे." मी लेखणी खाली ठेवली. हा शब्द मी पहिल्याच दिवशी काढून घ्यायला हवा होता.

वाचकहो, तुमच्यापैकी जे आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना सुकडी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. तरुण काळजीवाहकांसाठी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे सरकारी कामांवर राबत होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी ती कामे. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. या कामांवर आणि पुढे शाळांतही जी भाजक्या पिठाची गोडसर भरड वाटली गेली, ती सुकडी. तिने अनेकांचे प्राण राखले, यात शंका नाही. आणि तरीही, ज्यांनी ती महिनोन्महिने खाल्ली त्यांच्यातील कितीतरी जणांना आज तिचा वासही सोसत नाही.

तिचीच बहीण शोभावी अशी दुसरी वस्तू म्हणजे मिलो. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानात मिळे. कुळाने ती ज्वारीच. पोटात जाणाऱ्या पिठाच्या हिशेबाने आपल्या ज्वारीपेक्षा फार वेगळी नव्हे. पण मालदांडीची पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटणारी भाकरी ज्यांनी खाल्ली होती त्यांच्या ताटात ती लालसर, चिवट भाकरी पडली, तेव्हा भुकेबरोबर अपमानही ताटात वाढला गेला. "जनावराचे धान्य आम्हाला घातले," असे म्हणणारे वृद्ध मला आजही भेटतात. त्या वाक्यातील दुखावलेपण पन्नास वर्षांनंतरही ताजे असते.

नकोशा अन्नाचा हा प्रश्न वैद्यकाने सर्वांत जवळून पाहिला तो युद्धभूमीवर. सैन्याइतके मोजूनमापून कोणालाच खाऊ घातले जात नाही आणि तिथे कोणी काय खाल्ले नाही याचा परिणामही नोंदवहीत उतरतो. त्यातील एक प्रकरण आपल्या मुलखाशी थेट जोडलेले आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावी जनरल टाउनशेंड यांचे सैन्य तुर्कांच्या वेढ्यात सापडले. हे सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील किती तरी घरांतील माणसे त्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झालेला वेढा जवळपास पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. तोफगोळ्यांपेक्षाही उपासमारीने त्यांना हरवले. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा, एका आगबोटीतून शेकडो टन धान्य रात्रीच्या अंधारात आत नेण्याचा, असे सगळे प्रयत्न झाले. बोट तुर्कांच्या हाती लागली आणि विमानांना जेवढे आणता येई ते पुरेसे नव्हते.

शिबंदीतील मांस संपले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यास सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते नाखुषीने का होईना खाल्ले. बहुतेक हिंदी सैनिकांनी नाकारले. सेनापतींनी हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून परवानगी मागविली. आपत्काळी असे अन्न खाण्यास हरकत नाही, असा निरोप तारायंत्राने आलाही. तरी पुष्कळांनी तोंड लावले नाही. काहींनी शेवटच्या आठवड्यांत, अंगातील त्राण गेल्यावर, ते खाण्यास सुरुवात केली. गावी परतल्यावर भावकी काय म्हणेल, मुलीचे लग्न कोण करून घेईल, ही भीती तुर्कांच्या तोफांपेक्षा मोठी ठरली असावी. मला या प्रसंगात एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. परवानगी होती, भूक होती, अन्न समोर होते. घास मात्र आत गेला नाही. मी आजींना रागावलो तेव्हा मीही त्यांना एक तारच पाठविली होती.

पुढे जे घडले ते प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. गोरे सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते. त्यांना बेरीबेरी झाला. पाय बधिर होणे, सूज येणे, हृदय थकणे ही त्याची लक्षणे. हिंदी सैनिक कोंड्यासकटचा आटा खात होते. त्यांना बेरीबेरीने सहसा गाठले नाही, कारण थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कोंड्यात आणि अंकुरात असते. उलट हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, जुन्या जखमा उघडल्या. ताजी भाजी जवळपास नव्हती आणि ताज्या मांसातून जे थोडे क जीवनसत्त्व मिळते ते त्यांनी नाकारले होते. पांढरे पीठ संपून गोऱ्यांनाही भरड पीठ खावे लागले, तेव्हा त्यांच्यातील बेरीबेरी ओसरू लागला. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन ताटे आणि दोन रोग. 'व्हिटामिन' हा शब्द तेव्हा अवघा चार वर्षांचा होता.

या मोहिमेतील आजारांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधिकांना कामाला लावले. कोरड्या डाळीत क जीवनसत्त्व जवळपास नसते, पण तीच कडधान्ये भिजवून त्यांना मोड आणले की ते तयार होते, हे त्यांच्या प्रयोगांनी पक्के केले आणि सैन्यासाठी मोड आलेल्या कडधान्याची शिफारस झाली. आपल्या आज्या मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवीत तेव्हा त्यांना लिस्टर इन्स्टिट्यूट ठाऊक नव्हते, एवढेच. मोडाची उसळ मात्र फार वेळ शिजवू नये. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. दात नसलेल्यांना ती वाफवून, हाताने कुस्करून, वरून लिंबू पिळून द्यावी.

आणि हे केवळ इतिहासाचे पान आहे असे समजू नका. तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत. पायांवर जांभळे डाग, ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त. रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक होत्या. काय खाता, असे विचारले तर, "चहा-खारी, दुपारी वरण-भात, रात्री पुन्हा चहा-टोस्ट." भाजी नाही, फळ नाही. वर्षभर. कुतच्या वेढ्यातील आजार तालुक्याच्या गावी, भाजी बाजारापासून पाचशे पावलांवर, चहाच्या कपात बसला होता. पेरू, आवळा, लिंबू आणि काही दिवस क जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनी ते तीन-चार आठवड्यांत सुधारले. भाजी चिरायला त्यांना कंटाळा येई. खरे कारण एवढेच होते.

दुसऱ्या महायुद्धातही हाच धडा वेगळ्या वेष्टनात आला. अमेरिकी सैन्यासाठी एन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने खिशात मावेल अशी शिधापाकिटे तयार झाली. ती 'के' रेशन म्हणून ओळखली जातात. ती थोड्या दिवसांच्या लढाईसाठी होती. १९४४ साली उत्तर ब्रह्मदेशाच्या जंगलात मेरिल यांच्या तुकडीतील सुमारे तीन हजार सैनिकांना मात्र महिनोन्महिने त्याच पाकिटांवर काढावे लागले. ती माणसे वाळली आणि आजारी पडली. पाकिटात क जीवनसत्त्वासाठी लिंबाची पूड असे. ती इतकी आंबट लागे की सैनिक ती फेकून देत. कागदावर जीवनसत्त्व पूर्ण होते, सैनिकाच्या पोटात नव्हते. आहारतक्ते लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी ती फेकलेली पूड आठवणीत ठेवावी.

आता आजींकडे येतो.

त्या दिवशी मी इतर रुग्णांना थोडे थांबायला सांगितले आणि त्यांना सुकडीबद्दल विचारले. बहात्तर साली त्या बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत. वर्षाचा पहिला मुलगा झाडाखाली गोधडीवर असे. सुकडी मिळाली की पाण्यात कालवून आधी त्याला भरवीत, उरलेली स्वतः खात. उन्हाळ्यात त्याला हगवण लागली. चार दिवसांत तो गेला. "मीच भरवली होती त्याला," आजी म्हणाल्या. एवढे बोलून त्यांनी सुनेकडे पाहिले. त्या घरात सून येऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. नवऱ्याच्या आधी एक मूल होते, हे तिला त्या दिवशी समजले.

मी त्यांना जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो, कारण अशी टोचणी बाळगणाऱ्या आज्या अजून आपल्या घरांत आहेत. अशा हगवणीचे मूळ बहुधा पाण्यात असते. आटलेल्या विहिरीचे गढूळ पाणी, शेकडो माणसांची एका जागी गर्दी, हात धुवायलाही पाणी नाही. अशा ठिकाणी लहान मुलांना हगवण लागते आणि त्या काळी मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय गावोगाव पोहोचलेला नव्हता. भरविणाऱ्या आईचा त्यात दोष नाही. आजींनी ऐकून घेतले. पटले की नाही, मी सांगू शकत नाही.

शरीराची बाजूही समजून घ्यायला हवी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही तासांनी जरी आजारपण आले, तरी मेंदू त्या दोन गोष्टींची गाठ बांधून टाकतो. १९५५ साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना गोड पाणी पाजून त्याच वेळी किरणोत्सर्ग दिला. त्यानंतर ते उंदीर गोड पाण्याला तोंड लावीनात. विषारी अन्न दुसऱ्यांदा खाल्ले जाऊ नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ही राखण आहे. तिला तर्क समजत नाही. दोष पाण्याचा होता, पिठाचा नव्हता, हे बुद्धीला पटविता येते. घशाला पटविता येत नाही. त्यात गंधाची भर पडते. इतर संवेदना मेंदूत जाताना एका मधल्या चौकीवरून जातात. गंधाचा मार्ग मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांत जवळजवळ थेट शिरतो. भाजक्या पिठात गूळ पडला की उठणाऱ्या वाफेने आजींना काय दिसत असेल, याचा विचार मी पीठ लिहून देताना केला नव्हता.

म्हातारपणी याला आणखी एक पदर असतो. जिभेची आणि नाकाची संवेदना मंदावते, त्यामुळे नवे, सौम्य पदार्थ 'मातीसारखे' लागतात. जुन्या आवडी-निवडी मात्र ठळक राहतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत तर कालचा दिवस पुसला जातो आणि बालपण उजळून वर येते. काही जण उशीखाली बिस्किटे, पोळीचे तुकडे लपवितात. घरचे चिडतात, मुंग्या होतात म्हणून ओरडतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात याच कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले, तेव्हा त्या सुशिक्षित तरुणांच्या डोक्यात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. सहा महिन्यांची भूक एवढे करते. ज्यांचे सगळे लहानपण दुष्काळात किंवा रेशनच्या रांगेत गेले, त्यांनी चार बिस्किटे लपविली तर त्यांना झाकणाचा एक छोटा डबा द्या आणि तो रोज ताज्या खाऊने भरून ठेवा. मुंग्यांचाही प्रश्न सुटतो.

नावड नेहमी दुःखातूनच येते असेही नाही. आमच्या तालुक्यातील बऱ्याच घरांतील माणसे फौजेत. लहानपणी माझे चुलते सुट्टीवर येत तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून फौजी शकरपारे निघत. जाड, चौकोनी, दगडासारखे टणक. आम्हा मुलांना तो मोठा खाऊ वाटे, तोंडात धरून तासभर चघळत बसायचे. चुलत्यांना मात्र ते दृष्टीसमोर नको असत. मला उलट एरंडेलाचा तिटकारा. दर महिन्याच्या एका रविवारी आजी कपभर चहात ते घालून देई. त्या चहाच्या वासाने मला आज पंचावन्नाव्या वर्षीही ढवळते, आणि चहा मी तेव्हापासून बिनदुधाचाच घेतो. असो.

माझ्याकडे एक निवृत्त सुभेदार येतात. वय चौऱ्याऐंशी, पासष्ट आणि एकाहत्तरच्या दोन्ही लढाया पाहिलेले. खंदकात महिनाभर तेच टणक शकरपारे आणि डब्यातील थंड भाजी खाऊन त्यांना त्या सगळ्याचा वीट आला होता. मैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ सालची. पण संशोधन होऊन गरम करण्याजोगे चविष्ट जेवण जवानाच्या हाती पडेपर्यंत काळ जातोच, आणि सुभेदारांच्या वाट्याला जुनेच दिवस आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. जेवण तुटले, कोणाशी बोलेनात. मुलाने मऊ भात, खिमट, सूप असे सारे करून पाहिले. एके दिवशी त्यांनी स्वतः शकरपारे मागितले. ज्याचा वीट आला होता तेच! घरी तळून केले, आणि दात नसल्यामुळे गरम दुधात भिजवून देऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी नातवाला खंदकाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत त्यांचे मित्र होते, ते स्वतः पंचविशीचे होते. तेल आणि साखर पाहून मला आक्षेप घ्यायला हवा होता. त्यांना मधुमेह नाही. मी गप्प बसलो. दुधातून आणि सोबतच्या अंड्यातून प्रथिने जाऊ लागली, तेवढे मला पुरे होते.

म्हणून माझी काळजीवाहकांना विनंती आहे, की वृद्धांचे जेवण घटले तर आधी आजार शोधावा आणि त्याच बैठकीत आठवणही विचारावी. एकासाठी दुसरे टाळू नका. सहा महिन्यांत किंवा वर्षात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. गिळताना अडकणे, पाणी पिताना ठसका लागणे, काळी शौचास होणे, संध्याकाळचा बारीक ताप, यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. कवळी सैल झाली आहे का, जिभेवर पांढरा थर आहे का, चार-चार दिवस पोट साफ होत नाही का, हे घरीही पाहता येते. औषधांची पिशवी पूर्ण घेऊन या. मधुमेहाचे मेटफॉर्मिन भूक मंदावू शकते, हृदयासाठी दिले जाणारे डिगॉक्सिन मळमळ आणू शकते, काही रक्तदाबाच्या आणि जंतुनाशक गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. उदासी हेही कारण असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

आठवण विचारायची ती अशी नव्हे, की "तुम्हाला काय आवडते?" या प्रश्नाला आपल्याकडील वृद्ध, विशेषतः स्त्रिया, "काहीही चालेल" एवढेच उत्तर देतात. आयुष्यभर सर्वांच्या मागून जेवलेल्या बाईला स्वतःची आवड सांगायची सवयच नसते. त्याऐवजी विचारा: माहेरी आजारपणात आई काय करून देई? सुगीला पहिले काय रांधले जाई? लहानपणी काय खाल्ले की मार बसल्यासारखे वाटे? शेवटच्या प्रश्नाला उत्तरे भराभर येतात आणि बहुतेक वेळा हसू येते. कधी मात्र समोरचा माणूस गप्प होतो. तेव्हा पुढचा प्रश्न विचारू नका; तो पदार्थ ताटातून काढून टाका, झाले.

पर्याय नेहमी असतो. म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. ती सत्त्वातूनच गेली पाहिजेत असे कुठल्याही ग्रंथात लिहिलेले नाही. दूध, दही, ताकातले पिठले, मुगाचे धिरडे, अंडे, मासे, जे खपेल ते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि अनेक दिवस जवळपास उपाशी असलेल्या वृद्धाला एकदम भरपेट खाऊ घालू नका. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांपैकी काही जण पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले, कारण उपाशी शरीरात एकाएकी भरपूर अन्न गेले की रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो. थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, आणि पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली.

आजींना मी माहेरचे विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हुलग्याचे माडगे." सुनेला ते ठाऊक नव्हते, ती शहरात वाढलेली. आजींनी दवाखान्यातच सांगायला सुरुवात केली, की हुलगे आधी भाजायचे, जाडसर भरडायचे, पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचे आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मी मध्येच विचारले, "आजी, हेही भाजलेल्या पिठाचेच की. चालेल?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला माझी एमबीबीएस परत करावीशी वाटली. "त्यात गूळ नसतो," त्या म्हणाल्या. "लसूण असतो."

मग लसूण, जिरे आणि मीठ घातलेले माडगे रोज सकाळी एक वाटी, पुढे दोन. दुपारी ताकभात, संध्याकाळी एक अंडे. हुलग्यात बावीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, हे मी सुनेला कौतुकाने सांगितले. तिला त्यात फारसा रस दिसला नाही. तिला आजी जेवतात एवढे पुरेसे होते. दिवाळीनंतर वजन घेतले तेव्हा काटा साडेएकोणपन्नासवर होता. रक्तदाबासाठी मी मीठ थोडे कमी करायला सांगितले. आजी सुनेला म्हणाल्या, "ऐकू नकोस त्यांचे. आपण घरी बघू."